साध्या वडीची बशी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि ते निस्तरतंय तोवर घरात साबणाचा कारखाना निघाला! घाबरू नका, धंदाबिंदा काही नाही. नातीचा नववीचा विज्ञान प्रकल्प होता. विषय भारदस्त होता: 'फळझाडांच्या अर्कापासून जंतुनाशक साबण'. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, शिकवला आयुष्यभर इतिहास. त्यामुळे साबणाशी माझा संबंध आंघोळीपुरताच. पण या प्रकल्पानं मला महिनाभर वाचायला लावलं, आणि त्यात एका जुन्या दुखण्यापाशी आणून सोडलं. म्हणून हे लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तर झालं असं. सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कॉस्टिक सोड्याचं काम तिनं स्वतःच्या हातात ठेवलं. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, आणि मला स्वयंपाकघरात यायला बंदी. खोबरेल तेलात कॉस्टिकचं पाणी घालून घोटत राहिलं की ते हळूहळू श्रीखंडासारखं दाट होतं. मग ते साच्यात ओतायचं आणि वड्या चार-पाच आठवडे मुरू द्यायच्या. चार प्रकार केले. एकात निंबोळीचं तेल, एकात लिंबाच्या सालीचा अर्क, एकात डाळिंबाच्या सालीचा, आणि चौथी साधी वडी, नुसत्या खोबरेल तेलाची. ही चौथी कशाला, असं मी विचारलं. "तुलनेला," सूनबाई म्हणाली. मी मान डोलावली, पण मला काही ते उमगलं नव्हतं.

मग तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांमधून जंतू वाढवले आणि प्रत्येक साबणाचं पाणी त्यात घालून पाहिलं. जिथे जंतू वाढत नाहीत तिथे भोवती एक स्वच्छ कडं दिसतं. ते पट्टीनं मोजायचं. नात घरी आली ती रडवेली होऊन. निंबोळीच्या साबणाभोवती कडं होतं, पण साध्या वडीभोवतीही जवळजवळ तेवढंच होतं! तीनदा करून पाहिलं. दोनदा निंबोळी सूतभर पुढे आणि एकदा चक्क साधी वडी पुढे. लिंबू-डाळिंबही त्यांच्याच आगेमागे. नुसत्या पाण्याभोवती काही नाही.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तिला म्हटलं, "बाळा, तुझा विषय फळझाडांचा आहे ना? मग ती साध्या वडीची बशी मांडूच नकोस. कडुनिंबाचं कडं दिसतंय, खोटं तर काही बोलत नाहीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? नको असलेलं पान काढून टाकलं तर चालतं का?"

मंडळी, पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिले, पण इतकं निरुत्तर मला कुणी केलं नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. कडुनिंबासाठी मी एवढी का भांडले? कारण तो आमच्या घरचा देवच होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मागच्या अंगणात मोठा कडुनिंब होता. वडिलांच्या आईला आम्ही सगळे माई म्हणायचो. पाडव्याला कडुनिंब, गोवर-कांजिण्यांत अंथरुणाशी त्याचे टहाळे, धान्याच्या कणगीत त्याचा पाला, आणि बाळंतिणीच्या आंघोळीला त्याची पानं घालून उकळलेलं पाणी, असा माईंचा सगळा कारभार. कपड्यांना आणि दागिन्यांना रिठे, केसांना शिकेकाई, भांड्यांना राख. साबण घरात होता, पण तो पुरुषमाणसांचा. रिठा म्हणजे खरं तर झाडाला लागणारा तयार साबणच. त्याच्या फळात फेस करणारं द्रव्य असतं. त्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस. लॅटिन भाषेत 'सापो' म्हणजे साबण आणि 'इंडिकस' म्हणजे हिंदुस्थानातला. आपला हा साबण परदेशी पंडितांनी असा नावातच नोंदवून ठेवला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढे शिकायला साताऱ्याला राहिले तेव्हा हिरवी, कडवट वासाची मार्गोची वडी माझ्या ट्रंकेत असायची. तिचाही इतिहास वाचण्यासारखा आहे. खगेंद्रचंद्र दास हे बंगाली गृहस्थ अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून परत आले आणि १९१६ साली त्यांनी सोबत्यांबरोबर कलकत्ता केमिकल कंपनी काढली. स्वदेशीचा काळ होता. १९२० च्या सुमारास त्यांनी निंबोळीच्या तेलाचा साबण बाजारात आणला. कडुनिंबाला इंग्रजीत 'मार्गोसा' असंही म्हणतात, त्यावरून मार्गो. हा शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ 'कडू'. साधारण त्याच काळात इकडे मुंबईत अर्देशीर गोदरेज चरबीऐवजी वनस्पती तेलाचे साबण करत होते. साबण हा त्या वेळी देशप्रेमाचा विषय होता, आणि मला वाटतं आमच्या मनात तो तसाच राहिला. आपल्या झाडाच्या साबणाची परीक्षा घ्यायची म्हणजे जणू आपल्या माणसाचीच झडती!

पण परीक्षा घेणारे आपल्याकडेही होतेच. सलीमुझ्झमान सिद्दिकी नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४२ साली निंबोळीच्या तेलातून तीन कडू द्रव्यं वेगळी काढली. निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन अशी त्यांची नावं. कडुनिंब गुणकारी आहे हे पिढ्यान्‌पिढ्या सगळेच म्हणत होते. त्यात नेमकं काय आहे, हे उकलायला लागणारा हा माणूस. ते पुढे १९५१ साली पाकिस्तानात गेले. कराचीचं नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे पुन्हा जायचं आहे.

सूनबाईनं मला इथे एक गोष्ट समजावून सांगितली. निंबोळीचं तेल कॉस्टिकमध्ये गेलं की त्यातलं तेल तेल राहत नाही, त्याचा साबण होतो. त्यातल्या कडू द्रव्यांपैकी काही टिकतात, काही मोडतात. अझाडिरॅक्टिन नावाचं कडुनिंबातलं जे नावाजलेलं कीडनाशक द्रव्य आहे, ते अशा तीव्र अल्कलीत टिकत नाही. लिंबाचा रस घातला तर त्यातलं आम्ल कॉस्टिकशी संयोग पावून त्याचं क्षार बनतं, म्हणजे लिंबाचा आंबटपणाच संपला! शिवाय बशीत जे कडं दिसतं ते साबणाच्या स्वतःच्या अल्कलीमुळेही पडू शकतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर अल्कोहोलमुळेही पडेल. उलट, तेलकट द्रव्य त्या पाणीदार थरात पसरतच नाही, म्हणून कडं लहान दिसलं तरी द्रव्य निकामी आहे असंही म्हणता येत नाही. म्हणजे कडं दिसलं एवढ्यानं ते कुणाचं, हे कळत नाही. ते कळायला शेजारी साधी वडी लागतेच.

मास्तरणीच्या भाषेत सांगायचं तर, एकाच मुलाची परीक्षा घेतली की तो पहिलाच येणार.

बशीतल्या त्या थराची पण गंमत ऐका. त्याला अगर म्हणतात. आपण वड्या आणि जेली करायला चायना ग्रास आणतो ना, तेच ते, समुद्रशेवाळापासून काढलेलं. आधी शास्त्रज्ञ जिलेटिन वापरत, पण ते उबेनं वितळायचं आणि सगळा प्रयोग पातळ व्हायचा. १८८१ साली जर्मनीत वाल्थर हेसे याच गोष्टीनं वैतागले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरच्या जेलीत अगर घालत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून त्यांना ते कळलं होतं. त्यांनी नवऱ्याला तेच सुचवलं. हेसेंनी ते आपले गुरू रॉबर्ट कोख यांना कळवलं आणि आजतागायत सगळ्या जगात जंतू त्यावरच वाढवले जातात. कोख यांच्या लेखात मात्र त्या बाईंचं नाव आलं नाही. असो. बायकांच्या स्वयंपाकघरातून काय काय बाहेर गेलं याचा हिशेब कुणी ठेवलाय?

आता व्हिएन्नाची गोष्ट सांगते. ती मी वर्गात एकदाही सांगितली नाही, कारण मलाच माहीत नव्हती.

१८४६ साली तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती, हे ठरलेलं असे. त्या वर्षी पहिल्या विभागात शेकडा ११ च्या वर बायका बाळंतज्वरानं गेल्या. दुसऱ्यात शेकडा तीनसुद्धा नाहीत. बायकांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात नको म्हणून त्या अक्षरशः हातापाया पडत. इग्नाझ झेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर या फरकानं अस्वस्थ झाला. हवा तीच, अन्न तेच, शहर तेच, मग फरक कशात? १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे एक प्राध्यापक मित्र शवविच्छेदन करताना सुरी लागून वारले, आणि त्यांच्या शरीरात तीच लक्षणं सापडली. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिल्या विभागातले डॉक्टर सकाळी मृतदेह चिरून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत होते. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या.

ते डॉक्टर काही घाणेरडे नव्हते. साबणानं हात धूत होते. पण हाताला वास राहायचा. म्हणून झेमेलवाइसनं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले. आपल्याकडे विहिरीत टाकायची पांढरी पावडर असायची, तिच्याच जातीचं औषध. १८४८ मध्ये पहिल्या विभागातलं प्रमाण शेकडा सव्वावर आलं, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या बरोबरीला. जंतू ही कल्पना तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. त्याच्याजवळ फक्त दोन विभाग होते, शेजारी शेजारी, आणि त्यातला एकही त्यानं झाकला नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना हे पटलं नाही. आपल्या हातानं बाया मेल्या हे कुणाला पटेल? १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी लिस्टर यांनी जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरण्याबद्दल लिहिलं, आणि १८९४ साली तेच कार्बोलिक घातलेला लाल लाइफबॉय विलायतेत निघाला. जंतुनाशक साबण हा शब्द घरोघर पोचला तो इथून.

हे वाचताना मी मध्येच थांबले. चष्मा काढून ठेवला.

माझ्या वडिलांना एक थोरली बहीण होती. यमूआत्या. मी तिला पाहिलं नाही. प्रतिसरकारच्या धामधुमीतले दिवस, माझ्या जन्माच्या आधी काही वर्षं. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि नवव्या दिवशी ती गेली. मूलही महिन्याभरात गेलं. माईंनी कडुनिंबाच्या पाण्यानं तिला आंघोळी घातल्या होत्या, धुरी दिली होती, खोलीच्या दाराला पाला बांधला होता. सगळं यथासांग. तरी असं का झालं, याचं उत्तर घरात एकच होतं: बाहेरचं काही तरी बाधलं. काही जणी हळूच म्हणत, तिनंच पथ्य मोडलं असेल. माई जन्मभर त्या अंगणातल्या झाडाकडे बघून म्हणायच्या, "एवढं केलं, पण तिलाच लागू पडलं नाही."

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं. कडुनिंब बाळंतिणीच्या अंगाला होता, पाण्यात होता, दाराला होता. सुईणीच्या हातांना नव्हता. साधा साबणही नव्हता. ती बिचारी गोठ्यातून किंवा शेतातून उठून आली असेल, पदराला हात पुसले असतील आणि कामाला लागली असेल. तिला मी दोष देत नाही. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली, आणि व्हिएन्नातल्या शिकलेल्या डॉक्टरांना जे दिसलं नाही ते तिला कुठून दिसणार? पण व्हिएन्नातल्या त्या गोष्टीला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती. ती आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. हातच कारण होते असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, तेही खरं. पण यमूआत्येनं पथ्य मोडलं असेल, हे मात्र मी यापुढे कुणाला म्हणू देणार नाही.

आता कराची. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीच्या साप्ताहिकात तिथल्या गरीब वस्त्यांमधला एक अभ्यास आला. साधारण नऊशे कुटुंबं होती. तीनशेंना जंतुनाशक साबण दिला, तीनशेंना साधा, आणि दोघांनाही हात कधी आणि कसे धुवायचे ते सांगितलं. उरलेल्यांना नेहमीसारखं राहू दिलं. दोन्ही वड्या दिसायला अगदी सारख्या. वर्षभर माणसं दर आठवड्याला घरोघर जाऊन नोंद करत होती. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यानं कमी झाला. जुलाब ५३ टक्क्यांनी आणि त्वचेवरच्या पुळ्या ३४ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि जंतुनाशक आणि साधा यांत फरक? काहीच नाही. या अभ्यासाला पैसे साबण विकणाऱ्या कंपनीचे होते, तरी साध्या वडीची बशी कुणी लपवली नाही. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावली. साध्या साबणापाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि रोज वापरायला निर्धोक आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं.

साबणाचं खरं काम जंतू मारण्यापेक्षा त्यांना हातावरून सोडवण्याचं आहे. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. मळ आणि जंतू सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. माईंचे रिठेही हेच करत होते.

कुणी म्हणेल, आजी आता कडुनिंबाच्या विरोधात गेली. मुळीच नाही. उलट कडुनिंबाला न्याय मिळाला तोही तपासणीमुळेच. पिकांवरच्या बुरशीसाठी निंबोळीच्या तेलाचं पेटंट युरोपात १९९४ साली एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या शेतीखात्याला दिलं गेलं होतं. आमच्या आज्या हे पूर्वापार करतात, एवढं म्हणून भागणार नव्हतं. पुण्याच्या एका कारखान्यातल्या गृहस्थांनी १९८५-८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर तसाच प्रयोग करून पाहिला होता. तारखा होत्या, नोंदी होत्या. ती साक्ष म्युनिकमध्ये मोलाची ठरली. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपीलही फेटाळलं गेलं. कुणी तरी सांगलीच्या उन्हात वही घेऊन उभं होतं, म्हणून आपलं झाड आपलं राहिलं.

प्रदर्शनात नातीनं पाचही बश्यांचे फोटो लावले. चार साबणांच्या आणि एक नुसत्या पाण्याची. साध्या वडीची बशी अगदी मध्यभागी. तक्त्यावर तिनं स्वतः लिहिलं होतं: आमच्या प्रयोगात फळझाडांच्या अर्काचा वेगळा गुण दिसला नाही, साबणाचा दिसला. बक्षीस काही मिळालं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. एका परीक्षकांनी मात्र पाण्याच्या बशीपाशी बराच वेळ थांबून तिला प्रश्न विचारले, त्यावरच ती खूश आहे. उरलेल्या वड्या आम्ही वापरतो आहोत. निंबोळीची मी घेतली आहे, वास आवडतो म्हणून. एवढं तर चालेल ना?

जाता जाता नातेवाईक मंडळींना एक विनंती. यमूआत्येचं सासरचं नाव आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. फोटो नाही. वडिलांनीही कधी सांगितलं नाही. धाकट्या काकांच्या माळ्यावर माईंच्या जुन्या वह्या होत्या, त्यात बाळंतविड्याचे हिशेब लिहिलेले मी लहानपणी पाहिले आहेत. कुणाकडे त्या असतील तर जरा चाळून बघा आणि मला कळवा. पान फाटकं असलं तरी चालेल, पण टाकू नका.